केसभर ताई आणि बासष्टचं बेअरिंग

दोरीवर चादर अर्धीच पसरली होती. तिचं एक टोक ताईच्या खांद्यावर, दोन चिमटे तिच्या दातांत आणि बादलीत अजून पाच-सहा कपडे पिळून पडलेले. तेवढ्यात मागच्या खोलीतून धाकट्या भावाचा आवाज आला, "चार मीटर वीस! बसते गं, आरामात बसते!"

ताईने चिमटे दातांतून काढले. "काय बसते?"

"गाडी!"

चादर तशीच दोरीवर टाकून ताई खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. भाऊ भिंतीशी गुडघे टेकून बसला होता. टेपचं दुसरं टोक वहिनीने दाराच्या चौकटीला धरलं होतं. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, कोपऱ्यात तीन पायांची खुर्ची आणि वडिलांची गंजलेली सायकल, एवढाच त्या खोलीचा संसार. गल्लीकडची भिंत पाडायची, तिथे शटर लावायचं आणि सहा महिन्यांनी येणारी गाडी आत घालायची, असा भावाचा बेत होता.

"टेप लोंबतेय," ताई म्हणाली. "मध्ये झोळ पडलाय. बोटभर तरी कमी भरेल."

"झालं! सुरू झालं इन्स्पेक्शन!" भाऊ बायकोकडे बघून म्हणाला. "निवृत्त होऊन दोन महिने झाले, पण हिचा शिक्का काही सुटत नाही."

त्याचंही खरं होतं. एकतीस वर्षं ताईने एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तपासनीस म्हणून काढली होती. दुसऱ्यांनी केलेली वस्तू, कारखान्याच्या भाषेत 'जॉब', घ्यायची, मोजायची, बरोबर असेल तर पास, नसेल तर लाल खडूची फुली. "केसभर जास्त आहे," हे तिचं पालुपद. त्यावरून तिथे तिचं नाव 'केसभर ताई' पडलं. एकदा एक फोरमन चिडून म्हणाला होता, "अहो, केसभराने काय आभाळ कोसळतं?" ताईने डोक्यावरचा एक केस उपटला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि त्याच्यासमोर आकडा वाचला, "सहा शतांश मिलिमीटर. तुमचा जॉब आठ शतांश जास्त आहे. केसाची उगाच बदनामी केली मी आजवर." फोरमनने जॉब उचलला आणि मुकाट्याने निघून गेला.

"ही खोली मला हवी आहे," ताई म्हणाली.

"तुला? कशाला?"

"मिलिंग मशीन घेणार आहे. कॉम्प्युटरवर चालणारं. सीएनसी."

भावाच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली आणि तिचं पातं वहिनीच्या बोटाला लागलं. वहिनीने बोट तोंडात घातलं, पण हसू काही तोंडात मावेना. "वन्सं, अहो लोक निवृत्त झाले की देवाचं नाव घेतात."

"मीही घेते. रोज दोन वेळा घेते. पण देवाने हात दिले ते नुसते जोडायला नव्हेत, वहिनी."

"अगं पण मशीन चालवलंयस कधी?" भाऊ म्हणाला. "जन्मभर दुसऱ्यांना नापास केलंस. पास-नापास करणं सोपं असतं."

"म्हणूनच," ताई म्हणाली. "एकतीस वर्षं लोकांच्या चुका मोजल्या. एक वस्तू स्वतःच्या हाताने केली नाही. आता करून बघायचीय."

घर वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवलं होतं. ही गोष्ट भाऊही विसरला नव्हता आणि ताईही. तो जरा चाचरतच म्हणाला, "आता तू वाट्याचं काढशील."

"नाही काढणार. वाटा दाखवून खोली घ्यायची असती तर वकील पुरला असता. मी काम दाखवून घेईन. गाडी यायला सहा महिने आहेत ना? तोवर त्या मशीनवर एक वस्तू करते, चालणारी, कुणाच्या तरी उपयोगाची. जमलं तर खोली माझी. नाही जमलं तर गवंड्याला पहिला हातोडा मीच आणून देईन."

"आणि उपयोगाची आहे हे ठरवणार कोण? तूच?"

"गल्लीच्या तोंडाशी तो पंपवाला बसतो, तो ठरवेल."

पंपवाल्याचं रडगाणं सगळ्या गल्लीला पाठ होतं. पाण्याच्या जुन्या पंपांत बेअरिंग बसतं ते घर, म्हणजे हाउसिंग, कुणी बनवेनासं झालं होतं. तेवढ्या एका तुकड्यापायी चांगले पंप भंगारात जात. बासष्ट मिलिमीटरचं गोल भोक. बेअरिंग त्यात अंगठ्याच्या जोराने बसलं पाहिजे. सैल पडलं तर पंप कुरकुरतो, घट्ट झालं तर बेअरिंग जळतं.

"ठरलं," भाऊ म्हणाला. त्याला वाटलं, आपण जिंकलोच.

पुढच्याच आठवड्यात दोघं मशीनच्या दुकानात गेले. दुकान काचेचं, थंडगार. आत पांढऱ्या-निळ्या रंगाची छोटी मशीनं टेबलावर मांडून ठेवलेली, मिठाईच्या दुकानात ठेवावीत तशी. विक्रेता तरणाबांड, बोलण्यात साखर. तो सगळं भावाला सांगत होता. "सर, हे बघा, वजनाला हलकं, एका माणसाला उचलता येतं. वेग बघा सर. मिनिटाला चोवीस हजार फेरे."

"मशीन या घेणार आहेत," भाऊ म्हणाला.

"अच्छा! मॅडम, छंद म्हणून का? मग हे बेस्ट. लाकडावर फुलं काढा, नावाच्या पाट्या करा."

ताईने पिशवीतून डायल गेज काढलं. घड्याळासारखी तबकडी आणि शतांश मिलिमीटर दाखवणारा काटा. ते स्वतःचं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. तिने ते मशीनच्या टेबलावर बसवलं, त्याचं टोक कटर धरणाऱ्या स्पिंडलला टेकवलं आणि स्पिंडल नुसत्या अंगठ्याने दाबला. काटा सरकला. पंचवीस घरं.

"अंगठ्याने पाव मिलिमीटर वाकतं," ती म्हणाली. "बिडात कटर घातला की काय होईल?"

"बिडात म्हणजे मॅडम..."

"ओतीव लोखंडात हो."

"यात तसलं काम नाही करत कोणी. पण वेग बघा ना मॅडम!"

"घोडा लंगडा आहे आणि तुम्ही मला चाबूक दाखवताय."

विक्रेत्याने भावाकडे बघितलं. भावाने छताकडे बघितलं. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "तुला माणसांत न्यायची सोय नाही." पण त्याच्या मनात तो अंगठा राहून गेला. घरी आल्यावर त्याने जेवणाचं टेबल, कपाट, गॅसची शेगडी असं सगळं अंगठ्याने दाबून बघितलं, हे वहिनीने ताईला नंतर सांगितलं.

ताईने शेवटी मशीन उचललं ते एका बंद पडलेल्या प्रशिक्षण संस्थेतून. बिडाचं अंग, वजन पावणेचारशे किलो, वर उडालेला हिरवा रंग आणि खाली वीस वर्षांचं तेल साचलेलं. तिथेही तिने अंगठा लावला. काटा एक घर हलला आणि सोडताच परत आला. "हेच," ती म्हणाली. कुणी तिला समजावायला तोंड उघडायच्या आत तिने चार हमाल ठरवले होते.

मशीन लोखंडी नळ्यांवरून घरंगळत मागच्या खोलीत शिरलं, तेव्हा गल्लीतल्या दहा खिडक्या उघड्या होत्या.

"गोंडस मशीन सोडलंस आणि हा म्हातारा रेडा आणलास?" भाऊ म्हणाला.

"रेडा असू दे. ढकलून बघ, हलतोय का."

भावाने खरंच ढकललं. मग कंबर धरून खुर्चीवर बसला. खुर्ची तीन पायांची होती, हे त्याच्या लक्षात यायला जरा उशीर झाला. त्या दिवसापासून मशीनचं नाव रेडा पडलं ते पडलंच.

रेडा भक्कम होता, पण त्याचे गुडघे गेले होते. टेबल पुढे-मागे नेणारे लांब स्क्रू झिजलेले. जुन्या दाराची मूठ उलटी फिरवली की आधी थोडी रिकामीच फिरते आणि मग कडी सरकते, तसंच हे होतं. टेबलाला मागे फिरायला सांगितलं की मोटार आधी बारा शतांश नुसतीच फिरे आणि मग टेबल हले. केस लावून बघितला तर दोन केस.

ताईने पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर तोड काढली. कॉम्प्युटरमध्ये एक जागा असते. तिथे तिने आकडा भरला: दर वेळी दिशा बदलली की बारा शतांश जास्त चाल. झिजेची भरपाई. ही युक्ती तिने पुस्तक वाचून, एकटीने, चष्मा नाकावर आणि नाक पडद्यावर टेकवून केली. तिच्यावर लाकडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या वस्तू चांगल्या निघाल्या. वहिनीला कपाटाच्या मुठी मिळाल्या. वहिनीने त्या शेजारणीला दाखवल्या आणि "आमच्या वन्संनी केल्यात" म्हणताना आवाज जरा जास्तच मोठा झाला.

पण बीड म्हणजे लाकूड नव्हे. कटर बिडात शिरला की तो टेबलाला ओढून घेई. सैल टेबल ओढलं जाई आणि भोकाच्या कडेला लाटा उठत. कुबडीवर माणूस चालतो, डोंगर चढत नाही.

"मोटार मोठी बसव," भाऊ म्हणाला. तो आता चहाचा कप घेऊन रोज दारात उभा राही. आपण फक्त हरणाऱ्याची गंमत बघायला येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

"आधी पाया, मग गुडघे, मग जोर," ताई म्हणाली. "उलट्या क्रमाने गेलं की मशीनही पडतं आणि माणूसही."

तिने लोखंडी स्टँडच्या पोकळ पायांत वाळू भरली, म्हणजे थरथर मरते. मग जुने स्क्रू काढून बॉलस्क्रू मागवले. त्यांच्या खोबणीत पोलादाच्या बारीक गोळ्या फिरतात, सैलपणा जवळजवळ राहतच नाही. ते बसवायला तिला दोन महिने लागले. पाना घट्ट बसलेल्या बोल्टवरून निसटायचा, बोटांची सालटी निघायची. वहिनी बॅटरी धरून उभी राही आणि तोंडाने देवाचं नाव चालू ठेवी. ताई मधूनच म्हणे, "नाव घ्या, पण उजेड हलवू नका."

"तुमचा देव शतांशात मोजतो का हो, वन्सं?"

"तो कशात मोजतो ते मला ठाऊक नाही. पण डोळेझाक करत असेल असं मला वाटत नाही."

असे सहा महिने सरत आले. गाडी पुढच्या महिन्यात येणार असा निरोप आला आणि भावाने गवंड्याला सोमवार सकाळची वेळ दिली. ताईने शुक्रवारी दुपारी बिडाचा ठोकळा शिकंज्यात आवळला, देवाला हात जोडले आणि बटण दाबलं. दोन तास काळा चुरा पडत राहिला. संध्याकाळी पंपवाला आला. फडक्यात गुंडाळलेलं नवं बेअरिंग त्याने दोन्ही हातांनी उलगडलं.

बेअरिंग भोकावर ठेवलं. ते एका बाजूने टेकलं, दुसरीकडून उचललं गेलं. फिरवून ठेवलं, तेच. पंपवाल्याने हाउसिंग उजेडाकडे धरलं. भोकाच्या आत चार ठिकाणी, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊवर, नखाला लागेल अशी बारीक पायरी होती. बाकी सगळीकडे भिंत आरशासारखी.

पंपवाल्यालाच राहवलं नाही. "ताई, एवढं काही वाईट नाही. कानस घेतो, चार ठिकाणी घासतो, बसेल. माझं भागेल."

भावाने मान वर केली. त्यालाही ते पटलेलं दिसलं. "घे की! तो घेतोय म्हणजे झालं."

ताईने खिशातून लाल खडू काढला आणि त्या हाउसिंगवर फुली मारली. हजारो फुल्या मारणाऱ्या त्या हाताची स्वतःच्या कामावरची ही पहिली फुली. तीही तेवढीच ठसठशीत.

"अगं बाई, वेडी आहेस का?" भाऊ ओरडला. "त्याला चालतंय, मला चालतंय, तुलाच का नको? जिंकली असतीस ना!"

"भागेल म्हणजे पास नव्हे," ताई म्हणाली. "सोमवारपर्यंत वेळ आहे ना? मग आज कुणी हरलं नाही."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी गवंडी येईल. त्याला चहा मी देईन. काय पाडायचं ते तेव्हा सांगू."

शनिवार गेला. तिने एकेक बोल्ट तपासला, बॉलस्क्रूचे टेकू तपासले, कटरची धार भिंगाखाली बघितली. सगळं चोख. शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी कुंपणावरून सांगितलं, "बाई, तो स्क्रूच तुम्हाला खोटा दिला असेल. फसवतात हल्ली." ताई म्हणाली, "मला फसवायचं तर आधी मोजायला शिकावं लागेल, गुरुजी." बोलून गेली खरी, पण स्वयंपाकघरात येऊन पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवून पुन्हा खोलीकडे वळली. वहिनीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून ताई पुन्हा खोलीत गेली. या वेळी तिने काही सोडलं नाही, काही आवळलं नाही. नुसतं डायल गेज टेबलाला लावलं आणि काटा शून्यावर आणला. टेबलाला सांगितलं, दहा मिलिमीटर पुढे जा. गेलं. आता दहा मागे ये. आलं.

काटा शून्यावर थांबला नाही. शून्य ओलांडून बारा घरं पलीकडे गेला.

ताई त्या काट्याकडे बघतच राहिली. सैल असतं तर टेबल शून्याच्या अलीकडे अडलं असतं. हे तर सांगितल्यापेक्षा जास्त चाललं होतं. झिजलेलं मशीन कमी चालतं. जास्त चालायला कुणीतरी सांगावं लागतं. आणि तेही बारा शतांश, ना अकरा, ना तेरा.

ती एकदम हसायला लागली. वहिनी हातातला झारा तसाच घेऊन धावत आली. "काय झालं? वन्सं! बरं वाटतंय ना?"

"चोर सापडला."

"कोण?"

"मी!" ताई डोळे पुसत म्हणाली. "अहो, जुन्या स्क्रूची भरपाई मी कॉम्प्युटरात भरून ठेवली होती. स्क्रू बदलले, पायांत वाळू भरली, सगळं केलं आणि तो आकडा तिथेच! सैलपणा उरला नाही, पण त्याची भरपाई अजून चालूच. वर्तुळ काढताना टेबल चार जागी दिशा बदलतं. दर वेळी हा रेडा इमानाने बारा शतांश जास्त चालतो. त्याचा काही दोष नाही हो. मीच शिकवलं त्याला."

ही चूक कामचुकाराच्या हातून होत नाही. त्याने भरपाई भरलीच नसती. जो माणूस एखादं दुखणं इतक्या नीट सांभाळतो की ते बरं झाल्यावरही लंगडत राहतो, त्याची ही चूक.

ताईने आकडा खोडून शून्य केलं. परत दहा पुढे, दहा मागे. काटा शून्यापाशी आला आणि अर्ध्या घरावर विसावला.

दुपारी नवा ठोकळा चढला. भाऊ आज कप न घेता आला होता. काळा चुरा थांबला तसं त्यानेच पंपवाल्याला हाक मारायला धाव घेतली. मग पायांतल्या चपला वेगवेगळ्या आहेत हे बघून परत आला आणि तशाच चपलांनी पुन्हा गेला.

पंपवाल्याने भोक पुसलं, बेअरिंग टेकवलं आणि दोन्ही अंगठे लावले. बेअरिंग सावकाश, न कुरकुरता आत सरकलं आणि तळाला टेकलं. त्याने ते बोटाने फिरवलं. बराच वेळ ते फिरत राहिलं. आवाज नाही.

"ताई," तो म्हणाला, "नव्या पंपातसुद्धा असं बसत नाही."

ताईने मायक्रोमीटर आणि भोकाचं आतलं माप घेणारं बोअर गेज घेतलं. चार दिशांनी मोजलं, आकडे पाटीवर लिहिले, पुन्हा मोजले. मग म्हणाली, "पास." एकतीस वर्षांत हा शब्द तिने कितीदा उच्चारला असेल, पण भावाला तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

तो जरा वेळ उगाच सायकलची घंटा पुसत उभा राहिला. "गाडीचं काय करायचं मग? उन्हात उभी करायची?"

"ती तुझी आहे, तू ठरव," ताई म्हणाली. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही एवढं मला कळतं."

"माझ्या म्हणजे..."

"ठरलं होतं ना? सहा महिने. काम दाखवून."

"ठरलं होतं बाई, ठरलं होतं!" त्याने हात वर केले. "रेडा तुझा, खोली तुझी. गाडीवर घालायला कापड तरी शिवून दे."

"शिवायचं काम मला येत नाही. वहिनींना विचार."

"मला मुळीच विचारू नका," वहिनी दारातून म्हणाली. "मला बॅटरी धरायची असते."

सोमवारी सकाळी गवंडी पहार आणि घमेलं घेऊन आला. ताईने कबूल केल्याप्रमाणे त्याला चहा दिला. भिंत पाडायची नाही, असं भावाने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "आत बहीण काम करते." गवंड्याने खिडकीतून डोकावून बघितलं. पंपवाला आत येऊन ताईशी बोलत होता. त्याला आणखी अकरा हाउसिंग हवी होती आणि दोन मापं वेगळी होती.

ताईने मापं लिहून घेतली. ठोकळे संपले होते. तिने पायांत चपला सरकवल्या, मापांचा कागद घेतला आणि बिडाचे अकरा ठोकळे सांगायला ती ओतशाळेकडे निघाली.